तहूराची नमाज

मुफ्तीसाहेब परीक्षेला यायला नऊ दिवस उरले होते आणि तहूराची जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज काही केल्या सरळ होत नव्हती.

तिला नमाज येत नव्हती असं नाही. अकरा वर्षांची पोर, जन्मापासून बुद्धीनं कमी. बोटं आखूड, जीभ जड, बोललेलं आईलाच समजावं असं. पण नमाजाच्या चटईवर, जानमाजवर, उभी राहिली की कुठं काय करायचं ते तिला बरोबर ठाऊक असायचं. हात खांद्यापर्यंत, मग छातीवर, मग वाकणं, मग सजदा, कपाळ जमिनीला टेकणं. घोडं अडायचं ते सजद्यातून उठताना. उठता उठता ती उजवा हात बरगडीखाली दाबायची, डोळे मिटायची, तीन-चार श्वास तशीच थांबायची आणि मग डाव्या हातानं भिंत धरून उभी राहायची. प्रत्येक रकातीला, नमाजाच्या प्रत्येक फेरीला, हेच.

"हात खाली," हाफिजसाब म्हणायचे. ती हात खाली करायची. पुढच्या सजद्याला हात पुन्हा बरगडीखाली.

हाफिज कुदरतुल्ला आष्टीच्या मशिदीत अठ्ठावीस वर्षं इमाम होते. मशिदीला लागून मक्तब होतं, तिथं गावातली पोरं शाळा सुटल्यावर कुराण वाचायला यायची. त्यांच्या हाताखाली दोनशेवर पोरं शिकून गेली, पण तहूरासारख्या लेकराला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते काम त्यांच्या बायकोचं, खैरूनचं. मक्तबाच्या मागं एक खोली होती, लग्नाच्या जेवणावळीच्या देगा तिथं ठेवायचे. खैरूननं मशिदीच्या सदरांच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, मागं लागून देगा बाहेर काढायला लावल्या आणि तीन लेकरांचा वर्ग सुरू केला. एक बहिरा मुलगा, एक फिट येणारी मुलगी आणि तहूरा. खैरूनला जाऊन आता आठ महिने झाले होते. बहिऱ्या पोराला त्याच्या मामानं जालन्याला निवासी शाळेत घातलं. फिट येणारीला आईबापानं घरी बसवलं. उरली एकटी तहूरा, आता हाफिजसाबांकडं.

खैरून जाण्याआधी दोन दिवस म्हणाली होती, "तहूराला सोडू नका. बिल्कीस तिला बांधते."

बिल्कीस म्हणजे तहूराची आई. बाजारात भाजीचं दुकान लावायची. नवरा पुण्याकडं गवंड्याच्या हाताखाली, वर्षातून दोनदा यायचा. घरात दुसरं कुणी नाही. एकदा तहूरा डांबरी रस्त्यावर जाऊन बसली होती, ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हापासून बिल्कीस दुकानावर जाताना तिच्या पायाला ओढणी बांधून दुसरं टोक खाटेच्या खुराला बांधायची. खैरूनचा वर्ग सुरू झाला आणि ओढणी सुटली.

खैरून नसताना खोली किती दिवस राहणार हा प्रश्न होताच. मशिदीच्या कमिटीचे सदर मोईनखान यांनी तो बोलून दाखवला.

"हाफिजसाब, एका पोरीसाठी खोली अडवून ठेवायची का? लग्नसराई तोंडावर आली. देगा उघड्यावर काळ्या पडून राह्यल्या. आणि तुम्ही तर आलिम माणूस. तिच्यावर फर्ज काहीच न्हाई. ज्याला अक्कल न्हाई त्याच्यावरनं अल्लाहनं कलम उचललंय, त्याचा हिशेब लिहीतच न्हाई. मंग शिकवायचं कशाला?"

"तुमच्या भाभीनं सुरू केलंय," हाफिजसाब एवढंच म्हणाले.

मोईनखान माणूस वाईट नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "बरं. शाबान महिन्यातल्या परीक्षेला जालन्याचे मुफ्तीसाब यायलेत. त्यांच्यासमोर पोरीनं एक नमाज बराबर करून दाखवू द्या. जोहर. बराबर झाली तर अजून एक साल खोली तुमची. न्हाई तर देगा आत."

म्हणून हे नऊ दिवस.

खैरूननं शिकवण्यासाठी एक जुनी जानमाज केली होती. तिच्यावर लाल दोऱ्यानं पावलं शिवली होती, दोन पंजे शिवले होते, कपाळ टेकायला एक गोल. वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, चिंचोके होते, तीन. एकदा हात धुतला की एक चिंचोका पलीकडं सरकवायचा. तहूराला आकडे येत नव्हते, पण चिंचोके संपले की धुणं संपलं हे कळायचं. हाफिजसाबांना या गोष्टी खोलीतल्या डब्यात सापडल्या. बायको कसं शिकवते हे बघायला ते जिवंतपणी एकदाही त्या खोलीत आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा तोल गेला. तहूराचा हात बरगडीखाली गेला आणि त्यांनी त्यावर लाकडी पट्टी मारली. जोरात. पोर रडली नाही. तिनं हाताकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि म्हणाली, "बाजी." वर्गातली लेकरं खैरूनला बाजी म्हणायची.

बिल्कीस तिला न्यायला येऊन दारात उभी होती.

"मारू नका हाफिजसाब. ती बाजीसारखंच करून राह्यली."

"बाजी असं करत नव्हती. नमाजमध्ये कुणी असं पोट धरून उभं राहतं का?"

"तुम्ही बाजीची नमाज बघितली व्हती का?"

बिल्कीसनं टोमणा मारला नव्हता. तिनं खरोखर विचारलं होतं. सव्वीस वर्षांचा संसार. पाचही वेळा हाफिजसाब मशिदीत, पुढं उभे राहून गावाला नमाज पढवायचे. बायका घरी पढतात. ते घरी यायचे तेव्हा जानमाज घडी होऊन कोनाड्यात ठेवलेली असायची. बायकोच्या हातची भाकरी त्यांना ओळखता यायची, तिचं घोरणं, तिच्या चपलेचा आवाज. तिची नमाज त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी आणली नाही. बिल्कीसला बसवून घेतलं आणि तहूराला म्हणाले, "फजर." पहाटेची नमाज.

पोर उभी राहिली. दोन रकात, झटपट, एकाला एक लागून. ना हात, ना थांबणं. खैरून घरात चालायची तशी, चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी.

"ही कधी शिकली?"

"पहिलीच हीच. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात."

"जोहर."

तोच हात. तेच थांबणं. तीच भिंत.

"आणि ही?"

बिल्कीस आठवू लागली. "त्याच सालच्या दिवाळीत. वरांड्यावर पत्रे टाकून राह्यले व्हते ना, ठाकठूक चालू व्हती. तहूरा घाबरायची, म्हणून बाजी तिला आत घेऊन दार लावून घ्यायची."

हाफिजसाबांना ते पत्रे आठवले. डॉक्टरानं खैरूनचा आजार त्यांना सांगितला तो ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी. पित्ताशयात गाठ, यकृतापर्यंत गेलेली. पत्रे टाकले त्याला तेव्हा पाच महिने होऊन गेले होते.

"मगरिब," ते म्हणाले. दिवस मावळतानाची.

तहूरा उभी राहिलीच नाही. भिंतीला पाठ लावून बसली, पाय एका अंगाला घेतले आणि बसूनच तिन्ही रकाती केल्या. वाकायचं तिथं नुसती मान वाकवली.

"ही रमजानातली," बिल्कीस हळू बोलली. "रोजा सुटल्यावर मी हिला न्यायला तुमच्या घरी यायचे, तेव्हा चालू असायची."

त्या वेळी हाफिजसाब मशिदीत असायचे. आता रात्रीची नमाज उरली होती. त्यांनी तिचं नाव घेतलं.

"इशा."

तहूरा जमिनीवर आडवी झाली. उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. गुडघे पोटाशी घेतले. मग हनुवटी थोडी खाली, पुन्हा वर. मग जास्त खाली. तिथं कपाळ टेकायचं असतं. चार वेळा. शेवटी सलाम करायचा तेव्हा मानही वळवली नाही, डोळे तेवढे आधी एकीकडं नेले, मग दुसरीकडं. आणि ओठ कोरडे पडल्यासारखे हलवत म्हणाली, "पाणी."

बिल्कीसनं तोंडाला पदर लावला. "मला वाटायचं, झोप येते म्हणून लोळते."

खैरूनच्या शेवटच्या महिन्यात तहूरा तिच्या खाटेशी बसलेली असायची, बिल्कीस दुकान आवरून येईपर्यंत. इशा पढवून हाफिजसाब घरी आले की उशाचा पेला रिकामा असायचा. पाणी कुणी पाजलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पोरीला वाटलं होतं, पाणी मागणं हाही नमाजचाच भाग.

सकाळी ते अंगणवाडीत गेले. गिरिजाबाई तिथं मदतनीस होती, बौद्धवाड्यातली, खैरूनची वीस वर्षांची मैत्रीण. ती सुपात डाळ निवडत होती.

"गिरिजाबाई, गेल्याच्या गेल्या दिवाळीत खैरूनला दुखत होतं का?"

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "आता इचारून राह्यले?"

"सांगा."

"म्याच तिला जालन्याला घेऊन गेल्ते. तुम्हाला काय सांगितलं व्हतं, की बाळंतीण बघायला चाललो. पोटाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणला, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्या. ही म्हणली, रमजान होऊ दे."

"रमजानला चार महिने होते."

"तुम्ही पाठ करून राह्यल्ते ना तुमचं कुराण. ती म्हणली, 'माझं कळलं तर त्यांचं चित्त उडंल. सगळ्या गावासमोर अडखळतील.' म्या लई भांडले तिच्यासंग. मंग तिनं मला माझ्या लेकराची शपथ घातली."

"आणि तुम्ही पाळली."

गिरिजाबाईनं सूप आपटलं. डाळ सांडली. "म्या परक्या घरातली बाई, हाफिजसाब. शपथ पाळली, ती मला जन्मभर पुरंल. तुम्ही एका छपराखाली राहून काय पाह्यलं ते सांगा."

रमजानात रोज इशानंतर हाफिज पूर्ण कुराण थोडं थोडं करून तोंडपाठ म्हणतो, तिला तरावीह म्हणतात. त्यासाठी हाफिजसाब दिवाळीपासून उजळणी करायचे. खैरून कुराण उघडं धरून समोर बसायची आणि चूक निघाली की सांगायची. डोळे उघडे ठेवले की त्यांचं ध्यान भटकायचं, म्हणून ते मिटून म्हणायचे. चार महिने, रोज तासभर, ती दोन हातांच्या अंतरावर समोर बसली होती आणि यांचे डोळे मिटलेले होते. त्या वर्षी तरावीहमध्ये ते एकदाही अडले नाहीत. लोकांनी हार घातला होता. तो हार घेऊन ते घरी आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि हसली होती.

पाच दिवस उरले. हाफिजसाबांना आता एवढं कळलं होतं, की ही पोर सांगितलेलं शिकत नाही, शेजारचं अंग जसं हलतं तसं शिकते. त्यांनी बिल्कीसला म्हटलं, "दुपारी एक तास दुकान शेजारणीला बघायला सांग. तू तिच्याशेजारी उभी राहा."

"मलाच धड येत न्हाई. लग्नानंतर सुटली ती सुटली."

"दोघी शिका."

मग मायलेकी शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. सजद्यातून उठताना बिल्कीस दोन्ही हात मांड्यांवर ठेवायची आणि तहूराकडं बघायची. पहिले दोन दिवस पोरीचा हात बरगडीकडं जातच राहिला. तिसऱ्या दिवशी अर्ध्यावर थांबला. पाचव्या दिवशी तो मांडीवर राहिला. भिंतही सुटली. हाफिजसाब "शाब्बास" म्हणाले आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले. जोहरमधली खैरून गेली होती.

"मगरिब अन् इशा कधी घ्यायच्या?" बिल्कीसनं विचारलं होतं.

"परीक्षेत जोहरच आहे. बाकीचं राहू दे."

त्यांनी स्वतःला सांगितलं की वेळ नाही. ते खोटं होतं. रोज जोहरचा सराव संपला, बिल्कीस दुकानाकडं निघाली, की दाराशी बसून ते पोरीला म्हणायचे, "इशा." ती आडवी व्हायची. ते बघत बसायचे. शेवटी ती पाणी मागायची तेव्हा ते पेला भरून द्यायचे. पाचही दिवस त्यांनी हे केलं.

परीक्षेच्या दिवशी मक्तबात सतरंज्या घातल्या. कमिटीचे लोक, पोरांचे बाप, पडद्यापलीकडं आया. मुफ्तीसाहेब सत्तरीचे, हळू बोलणारे. पोरांचं वाचन झाल्यावर मोईनखाननं तहूराला पुढं बोलावलं. बिल्कीस तिच्याशेजारी येऊन उभी राहिली, तोंडावरून ओढणी घेऊन. लाल पावलांची जानमाज घातली.

चार रकात. एकही चूक नाही. उठताना हात मांडीवर.

"माशाल्लाह," मुफ्तीसाहेब म्हणाले. मोईनखाननं हाफिजसाबांकडं बघून मान हलवली. खोली राहिली होती. बिल्कीसचे खांदे खाली आले.

मुफ्तीसाहेबांना पोरीचं कौतुक वाटलं. ते पुढं वाकून प्रेमानं म्हणाले, "बेटी, अजून काय येतं? इशा येते?"

तहूरानं हाफिजसाबांकडं पाहिलं. जोहर झाली की इशा, हे तर रोजचंच होतं. ती खूश झाली. भरल्या मक्तबात, सगळ्या पुरुषांसमोर, ती सतरंजीवर उजव्या कुशीवर आडवी झाली आणि गुडघे पोटाशी घेतले.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मागून कुणी म्हणालं, "झोपली रे!" मोईनखानचा चेहरा उतरला. बिल्कीस तिला उठवायला वाकली, पण नमाज चालू असताना हात कसा लावावा हे न कळून तशीच राहिली. हनुवटी खाली-वर होत राहिली. डोळे एकीकडं गेले, दुसरीकडं गेले.

"पाणी," तहूरा म्हणाली.

हाफिजसाब उभे राहिले. पोरांना त्यांनी गप्प केलं नाही, ती आपोआप गप्प झाली.

"ही माझ्या बायकोची नमाज आहे," ते म्हणाले. "ती मरणाच्या खाटेवर अशी पढायची. पोरीनं बघून घेतली. तिची जोहरही आजारी होती, ती मी सुधारून घेतली. ही सुधारली नाही. वेळ होता. पण मला ती रोज बघायची होती. पोरीचा गुन्हा नाही."

मुफ्तीसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आजारी माणसाची नमाज अशीच असते," ते म्हणाले. "मानेचा एकही इशारा चुकला नाही. पण हाफिजसाब, ही मुलगी आजारी नाही."

मुफ्तीसाहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले. त्यांचं काम परीक्षा घेण्याचं, खोली कमिटीच्या हातात. दोन दिवसांनी देगा आत गेल्या. मोईनखान स्वतः सांगायला आला. "लोक ऐकंनात, हाफिजसाब. म्हणतात, मक्तबात लोळायला शिकवतात." हाफिजसाबांनी वाद घातला नाही. त्यांनी चिंचोके आणि जानमाज घरी आणली.

घरी वर्ग घेण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी बिल्कीसला विचारून पाहिलं. तिनं नजर वर केली नाही.

"घरात बाई असती तर पाठवली असती. एकट्या माणसाच्या घरी पोर कशी पाठवू? उद्या तिचं न्हाई, पण तुमचंच नाव खराब हुईल."

ती बरोबर बोलत होती.

बाजाराच्या दिवशी जोहर पढवून ते बिल्कीसच्या गल्लीतून निघाले. ती त्यांची वाट नव्हती, तरी निघाले. दाराला बाहेरून कडी होती. खिडकी उघडी. आत खाटेजवळ तहूरा बसली होती, पायाला ओढणी, ओढणीचं टोक खुराला. तिनं हाफिजसाबांना खिडकीत पाहिलं. चेहरा उजळला. आणि त्यांनी काही म्हणायच्या आत ती खाटेशेजारी आडवी झाली, उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. हे आले म्हणजे यांना हेच हवं असतं, एवढं तिला कळत होतं.

हाफिजसाब खिडकीतून मागं सरले. पुढचं त्यांना बघवलं नाही. "पाणी" मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं, की त्यांना तसं वाटलं.

बाजारात बिल्कीस मेथीच्या जुड्या लावत होती. ते समोर जाऊन उभे राहिले.

"पोरीला इथं आण."

"इथं? बाजारात? पळून गेली तर?"

"मी बसतो ना. तुझ्या पाठीमागं, या पोत्यांवर. असरच्या नमाजेपर्यंत, ऊन कलेपर्यंत, रोज बसेन."

"लोक काय म्हणतील?"

"सगळ्यांसमोर बसलो तर काय म्हणतील? हसतील. हसू दे."

बिल्कीसनं त्यांच्याकडं पाहिलं. मग शेजारणीला दुकानाकडं बघायला सांगून ती निघाली आणि पोरीला घेऊन आली. पायावर ओढणीचा वळ होता. हाफिजसाबांनी घरून जानमाज आणली, पोत्यांमागच्या मोकळ्या जागेत मातीवर घातली. पलीकडचा कांदेवाला साहेबराव बघत राहिला.

"तिच्याशेजारी उभी राहा," ते बिल्कीसला म्हणाले. मग तहूराला म्हणाले, "इशा."

ती आडवी झाली.

हाफिजसाबांनी बिल्कीसकडून तिला उठवून घेतलं. लाल पावलांवर उभं केलं. "इशा. उभं राहून."

ती पुन्हा आडवी झाली. नमाज पुरी केली. पाणी मागितलं. तांब्या जवळ होता. त्यांनी तो हातात घेतला आणि मागं पोत्याआड ठेवून दिला.

"नाही बेटा. उभी राहा."

चौथ्या वेळी ती उभी राहिली. हात खांद्यापर्यंत नेले आणि तसेच धरून तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. शेजारी बिल्कीसनं हात छातीवर बांधले.

"बराबर," हाफिजसाब म्हणाले. "आता पुढं."